नाण्यांचे माहेर

एका राज्यात माणसे हळू बोलत आणि नाणी मोठ्याने बोलत. राजाचे नाव वीरभान. त्याला देशोदेशीची नाणी जमवण्याचा नाद. राजवाड्याच्या पूर्वेला त्याने नाणेमहाल बांधला होता. तिथे मधोमध चौकोनी भोक असलेली नाणी होती, माशाच्या आकाराची होती, सुरीच्या आकाराची होती, चामड्याची आणि चिनी मातीचीही होती. एक नाणे तर पाटाएवढे मोठे, तांब्याचे; ते उचलताना दोन शिपायांच्या कमरा धरल्या होत्या.

त्या महालाला शाप होता. दर सोमवारी सकाळी कुठलेतरी एक नाणे आपोआप खणखणे आणि माणसाच्या आवाजात विचारी, “माझं माहेर कुठलं?” नाण्याचे माहेर म्हणजे ते जिथे पाडले गेले ती टांकसाळ. दिवस मावळायच्या आत राजाच्या पारख्याने उत्तर द्यायचे. उत्तर बरोबर आले की नाणे गप्प होई. चुकले की पारखी उभ्या जागी तांब्याचा होई. पारखीच नसला तर नाणे राजाला विचारणार, म्हणून राजा पारख्यावाचून कधी राहिला नाही. नाणी नदीत टाकून झाली, मुशीत वितळवून झाली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आपल्या तबकात. शाप कुणी दिला आणि कशासाठी, हे कुणी विचारीत नसे.

तीस वर्षांत दोन पारखी तांब्याचे झाले. महालाच्या अंगणात त्यांचे पुतळे उभे होते. तिसरा पारखी हैबत. तो सात वर्षे टिकला. नाणे फरशीवर टाकून तो नुसता आवाज ऐके आणि सांगे की यात जस्त किती, हे समुद्रापलीकडचे की डोंगरापलीकडचे. खलाशांना जेवू घालून तो त्यांच्याकडून गावांची नावे शिके.

हैबतला एक धाकटा भाऊ होता, धाकू. आईबाप लहानपणीच गेले. हैबतनेच त्याला वाढवला. धाकू पंतोजींच्या हाती पाटी देऊन जो पळाला तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. मनात आले की हात पुढे, विचार मागून.

एका रविवारी हैबत दुपारचा झोपला होता. मळकट नाणी बघून बघून त्याचे डोळे लाल झाले होते. धाकूला वाटले, दादाचे काम सोपे करावे. त्याने एक तबक उचलून विहिरीवर नेले आणि सणासुदीला घरची भांडी घासतात तशी चाळीस नाणी चिंच आणि राख लावून घासली. नाणी आरशासारखी झाली. त्याला फार आनंद झाला.

सोमवारी त्याच तबकातले एक रुपेरी नाणे खणखणले. त्याच्या एका बाजूचा चेहरा कुणीतरी मुद्दाम खरवडून काढला होता. दुसऱ्या बाजूला सूर्य होता. हैबतने नाणे उजेडात धरले आणि बराच वेळ तसेच धरून ठेवले.

“धाकू, हे धुतलंस का तू?”

“घासलं. चिंचेनं. बघ की कसं लखलखतंय.”

“इथं कडेला तिळाएवढी खूण होती. चंद्रकोर. मळाखाली कशीबशी तग धरून होती ती. नीट बघायची राहिली होती.”

“मग?”

“सूर्य तर दहा राज्यांच्या नाण्यांवर असतो. तेवढी एकच खूण होती रे.”

दिवसभर हैबत नाणे वाजवीत राहिला. वीरभान राजा महालात येऊन सिंहासनावर बसला होता आणि एक शब्द बोलत नव्हता. ऊन भिंतीवरून वर सरकत गेले. हैबतने शेवटी एका बंदराचे नाव घेतले. नाणे पुन्हा म्हणाले, “माझं माहेर कुठलं?”

हैबतने धाकूकडे पाहिले. “छान घासलंयस,” तो म्हणाला, “आईसारखं.” आणि तो पायापासून तांब्याचा होत गेला.

धाकू त्या तांब्याला बिलगून ओरडला, राजाला शिव्या दिल्या, शिपायांनी त्याला ओढून काढले. राजा उठता उठता म्हणाला, “पारखी गेला की नाणी तेरा दिवस सुतक पाळतात. त्यानंतरच्या सोमवारी खणखणतील. भावाची गादी आता तुझी.”

“मला वाचता येत नाही.”

“मग तुझ्यानंतर दुसरा पाहू,” राजा म्हणाला.

नाणेमहालाच्या तुळईवर एक म्हातारी साळुंकी राहत असे. धाकू अंगणात पुतळ्याच्या पायाशी बसला होता, तिथे ती उतरली आणि म्हणाली, “पोरा, तीन नाण्यांचं माहेर आजवर कुणी सांगितलं नाही. म्हणून तीन पुतळे.”

“तुला ठाऊक होतं तर त्यांना का नाही सांगितलंस?”

“विचारलं कुणी? शिकलेली माणसं पाखराला विचारत नाहीत.”

“मी विचारतो.”

“तर ऐक. तिन्ही नाणी माहेरी ने. तिथली चिमूटभर माती त्यांच्या ठशाला लाव. पहिल्या पुतळ्याचं भोकाचं नाणं पूर्वेच्या बेटावरचं, दुसऱ्याचं पाटाएवढं उत्तरेच्या बर्फातलं. तिसऱ्याच्या माहेराचं नाव माझ्या जिभेवर येत नाही, तिथं गाठ आहे. ते तुझं तू शोध. तिन्ही झाली की शाप सुटेल. तांब्याची माणसं पुन्हा माणसं होतील. पण—”

“झालं, कळलं,” धाकू म्हणाला आणि उठला.

“पुरतं ऐकून घे.”

“दादा माणूस होईल ना? मग पुढचं मला नको.”

साळुंकीने मान वाकडी करून त्याच्याकडे पाहिले. मग पंखातली दोन पिसे उपटून दिली. “दातात धर. नेतील आणतील. वाटेत बोललास तर पडशील.”

धाकूने भोकाचे नाणे कमरेला खोचले, पीस दातात धरले आणि तो पूर्वेला गेला. खाली समुद्र होता. बोलण्यासारखे पुष्कळ होते, पण तो बोलला नाही.

पूर्वेच्या बेटावर नाणी झाडाला लागत. एक सुरकुतलेली ओतारीण मातीच्या साच्यात तांब्याचा रस ओती, साचा फोडी, की आतून तांब्याचे झाड निघे. मधे खोड, दोन्ही बाजूंना फांद्या आणि फांदीफांदीला नाणे. ती नाणी ती शेंगा तोडाव्या तशी तोडून टोपलीत टाकी.

“माती हवी,” धाकू म्हणाला.

“आधी सांग, नाण्याला भोक कशाला?”

“दोरीत ओवायला. हे कुणीही सांगेल.”

“कुणीही सांगतं आणि कुणाचंच बरोबर नसतं.” तिने एक चौकोनी गज त्याच्यापुढे टाकला. “या गजात शंभर ओव आणि कडा कानशीनं घास. मग कळेल.”

“मला वेळ नाही, म्हातारे. तेरा दिवसांतला एक गेला.”

“मग जा तसाच.”

धाकूने शिवी गिळली आणि बसला. गोल गजावर नाणी फिरली असती. चौकोनीवर ती हलत नव्हती, शंभर कडा एका वेळी घासता येत होत्या. हे त्याला दुपारपर्यंत कळले, पण ओतारीण त्याला सोडीना. कड गुळगुळीत झाली की नाही हे ती डोळ्यांनी बघत नसे, अंगठा फिरवी आणि टोपलीतून नाणे परत फेकी. “इथं केसाएवढी रेघ राहिलीय. मूळ ठसा तडकला की त्याच्या प्रत्येक पोराच्या अंगावर तीच रेघ उमटते. डोळा फसतो, अंगठा फसत नाही.” चार दिवस धाकू घासत राहिला. पाचव्या दिवशी तिने फेकण्याच्या आधीच त्याने स्वतःच एक नाणे परत उचलले.

“बरं,” ती म्हणाली, “आता माती घे.”

त्याने भोकाच्या नाण्याला माती लावली. नाणे हसले आणि टोपलीत जाऊन आपल्या बहिणींत पडले.

मग धाकूने महालात परत येऊन पाटाएवढे नाणे दोरखंडाने पाठीला बांधले; दुसरे पीस दातात धरताच ते हलके झाले आणि तो उत्तरेला गेला. तिथे सगळे पांढरे होते आणि मधोमध तांब्याचा लाल डोंगर. डोंगराच्या पोटात एक राक्षस एकटाच तांबे खणीत होता. त्याच्या हाताला एक मोठा ठसा बांधलेला, तो तांब्याच्या पत्र्यावर चार कोपऱ्यांत चार वेळा मारी आणि मधे एकदा. झाले नाणे.

“एवढं मोठं कशाला?” धाकूने विचारले.

“चांदी नाही इथं. तांबं स्वस्त. मोल भरायला एवढं लागतं.” राक्षसाने पाठीवरचे नाणे पाहिले. “माझ्याच हातचं आहे. माती देतो. कुणासाठी आलास?”

“भाऊ आजारी आहे.”

पाठीवरचे नाणे जड झाले. धाकूचे गुडघे बर्फात रुतले.

“कुणासाठी आलास?”

“राजानं माझ्या भावाला मारलं. राजासाठी आलोय. त्याला बघून घ्यायला.”

नाणे आणखी जड झाले. दोरखंड खांद्यात शिरला, नाक बर्फाला टेकले. राक्षस घाईत नव्हता. त्याने तेवढ्यात आणखी एक पत्रा ठोकला.

“मी घासलं,” धाकू बर्फात तोंड ठेवूनच म्हणाला. “चिंचेनं. त्याला बरं वाटावं म्हणून. त्याची खूण मी पुसली आणि तो तांब्याचा झाला. तो मला रागावलासुद्धा नाही. रागावला असता तर बरं झालं असतं.”

नाणे हलके झाले. राक्षसाने त्याला एका बोटाने उभे केले, माती दिली, ती लावताच नाणे उतरून आपल्या ढिगात जाऊन पडले, आणि मग राक्षस म्हणाला, “मी उभा जन्म तांब्यात काढला. तांबं वितळतं, वाजतं, हिरवं पडतं. श्वास घेत नाही. तुला कुणी सांगितलं की तो उठेल?”

“साळुंकीनं.”

“नीट आठव.”

धाकूने आठवले. त्याच्याकडे पाहावे लागू नये म्हणून राक्षसाने तोंड फिरवले.

बाराव्या दिवशी धाकू परतला. साळुंकी तुळईवर होती. त्याने तिला दगड मारला. नेम चुकला.

“त्या ‘पण’च्या पुढं काय होतं?” त्याने विचारले.

“पण मेलेली,” साळुंकी म्हणाली. “माणसं होतील, पण मेलेली. मी सांगत होते. तू उठलास.”

“ओरडून सांगायचंस. चोचीनं टोचायचंस.”

“मग गेला असतास का?”

“नसतो गेलो.”

“म्हणून नाही टोचलं,” साळुंकी म्हणाली.

धाकूने तिसरे नाणे कमरेला खोचले आणि ठरवले की आता काही शोधायचे नाही. सोमवार येईल, नाणे विचारील, आपण गप्प बसायचे. मग दादाच्या शेजारी उभे राहायचे. ऊन लागले तर दोघांना लागेल. हा विचार त्याला इतका बरा वाटला की तो अंगणात जागा बघायला गेला.

अंगणात एक मोलकरीण हैबतच्या पुतळ्याचा चेहरा घासत होती. तिच्या हातात चिंच होती आणि शेजारी राखेचे भांडे.

“काय करतेस?”

“परदेशचे पाहुणे यायचेत नाणी बघायला. राजा म्हणाला, पुतळेही दाखवायचे. जुने दोन हिरवे पडलेत, ते काही निघत नाहीत. हा नवा आहे, हा चकाकतो छान.” तिने मागे सरून बघितले. “खाली पाटीही लावलीय. वाचतोस का?”

“वाचून दाखव.”

“तांबे, एक नग. याच राज्यातले.”

धाकूने राखेचे भांडे बाजूला सरकवले. मग म्हणाला, “बाई, सोड त्याला.”

“माझी मजुरी बुडेल.”

“मी देतो.”

त्याने कनवटीचा रुपया काढला. साधा, रोजचा, वीरभान राजाच्या छापाचा रुपया. एकीकडे राजा, एकीकडे सूर्य. देता देता त्याचा अंगठा सूर्यावरून फिरला आणि अडकला. सूर्याच्या मधून केसाएवढी रेघ गेली होती. त्याने कमरेचे तिसरे नाणे काढले आणि डोळे मिटून त्याच्या सूर्यावरून अंगठा फिरवला. तीच रेघ. त्याच जागी सुरू होऊन त्याच जागी संपलेली. मळ असता तर ती कधी हाताला लागली नसती.

“देतोस की नाही?” मोलकरीण म्हणाली.

“दुसरा देतो. हा राहू दे.”

दोन दिवस त्याने कुणाला काही सांगितले नाही. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने थांबून पाहिले. सांगितले तर दादा मरणार होता. नाही सांगितले तर दादा एक नग राहणार होता, पाहुण्यांनी बोट लावून बघायचा, दर सणाला घासायचा. धाकूने दोन्हीकडून विचार केला आणि दोन्हीकडे दादा नव्हता.

सोमवारी दरबार नाणेमहालात भरला. रुपेरी नाणे धाकूच्या तळहातावर खणखणले. “माझं माहेर कुठलं?”

“हेच,” धाकू म्हणाला. “या वाड्यामागची टांकसाळ.”

वीरभान हसला. “अडाणी आहे. आमच्या नाण्यावर आमचा चेहरा असतो. यावर आहे का?”

“चेहरा कुणी तरी खरवडलाय, महाराज. सूर्य खरवडायचा राहिला. सूर्याचा ठसा तडकलेला आहे. त्याच ठशानं तुमचा रुपया पाडलाय.” त्याने मेणाच्या दोन गोळ्यांवर दोन्ही सूर्य दाबले आणि प्रधानापुढे धरले. प्रधान म्हातारा होता. त्याने बघितले, अंगठा फिरवला आणि मान खाली घातली.

“नवा सूर्य कोरायला चार दिवस लागले असते,” प्रधान हळूच म्हणाला. “महाराजांना घाई होती.”

धाकू धावत टांकसाळीत गेला, भट्टीपाशी चिमूटभर माती घेतली आणि महालात परत येऊन नाण्याला लावली. खरवडलेल्या जागी चेहरा वर आला. वीरभानासारखाच, थोडा थोराड.

तुळईवरची साळुंकी खाली पडली आणि उठली तेव्हा ती पांढऱ्या केसांची बाई होती. “उदयभान,” ती म्हणाली. तीस वर्षांनी तिला ते नाव घेता आले. “हा मोठा. मी याची दाई, याला मी पाजला. सात दिवस राजा होता, सात दिवस याचं नाणं पडलं. आठव्या दिवशी धाकट्यानं त्याला मारलं आणि सगळी नाणी वितळवली. एक माझ्याकडे होतं. ते पुढं करून मी शाप दिला, तशी मी साळुंकी झाले आणि माझीच जीभ बांधली गेली. ते नाणं वितळेना, म्हणून धाकट्यानं त्यावरचा चेहरा खरवडला.”

धाकू राजासमोर जाऊन उभा राहिला.

“तुम्हाला ठाऊक होतं.”

“होतं.”

“दादा दिवसभर ते वाजवत होता तेव्हाही.”

“तेव्हाही. मी तिथंच बसलो होतो.”

“एक शब्द बोलायचा होता.”

“तोच शब्द तू आज बोललास. बघ माझं काय झालं.” वीरभानाने मुकुट काढून मांडीवर ठेवला. “माझ्याकडे असा बघू नकोस. आपण दोघेही धाकटेच. आपण दोघांनीही थोरल्याला पुसलं.”

धाकूचा हात उठला होता. तो तसाच खाली आला.

त्याच वेळी महालातली सगळी नाणी तबकांतून उठली. मासे, सुऱ्या, चामड्याची, मातीची, सगळी खिडक्यांतून बाहेर पडली आणि आपापल्या दिशेला गेली. राज्यातल्या प्रत्येक रुपयावरून वीरभानाचा चेहरा निघून उदयभानाचा आला. ज्याचा छाप नाही त्याचा हुकूम शिपाई ऐकेनात. वीरभान अनवाणी वेशीबाहेर गेला. त्याला कुणी अडवले नाही, कुणी पाणीही दिले नाही. उदयभानाची मुलगी मामाच्या गावी वाढली होती. तिला सन्मानाने आणून सिंहासनावर बसवले.

अंगणात तीन पुतळे मऊ झाले. दोन जमिनीवर पडले. तिसऱ्याला धाकूने धरले. हैबत अजून कोमट होता, पण तेवढाच.

स्मशानात तीन चिता रचल्या. पहिल्या पारख्याची बायको आली होती. साठीची बाई, कपाळावर ठसठशीत कुंकू. पुतळ्याचे सुतक कसे धरायचे हे कुणी सांगू न शकल्याने ती तीस वर्षे सवाशीण राहिली होती. चितेवर तिशी ओलांडलेला जवान निजला होता. तिने त्याच्या गालावर हात ठेवला.

“किती लहान आहे हा,” ती म्हणाली. “माझ्या नातवासारखा दिसतो.”

डोंबाने विचारले, “आजी, दिवस कुठला धरायचा? तेव्हाचा की आजचा?”

ती गोंधळली. तिने धाकूकडे पाहिले.

“आजचा,” धाकू म्हणाला. “आज गेले, आजी. कालपर्यंत होते.”

तिने मान हलवली आणि तीस वर्षांचे रडणे तिथे बसून रडली. मग डोंब हैबतच्या चितेपाशी आला.

“आणि याचा?”

धाकूने त्याच्या हातातला पलिता घेतला आणि चिता पेटवली.

नव्या राणीने धाकूला बोलावून विचारले, काय हवे. तो म्हणाला, काही नको. राणीने नाणेमहालात धान्याचे कोठार केले. सोमवार पुन्हा साधा वार झाला; लोक त्या दिवशी बाजाराला जाऊ लागले. नाणी माहेरी पोचली, राज्य ठिकाणावर आले, सगळे रीतसर झाले. धाकू संध्याकाळी घरी गेला. दार त्याचे त्यालाच उघडावे लागले.